‘व’च्या जागी सहा

धनगरवाडा, शिरूर
ज्येष्ठ शुद्ध ९, शके १८३५

बाई,

पाकिटावर तुमच्या नावामागे मी काहीच लिहिलेलं नाही. लिहायचं तर ‘सौ.’ किंवा ‘गं. भा.’ यांतलं एक लिहावं लागतं, आणि ते ठरवण्याचा अधिकार मला नाही. एकदा मी तो घेतला, त्याचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. नुसतं ‘जानकीबाई, मुलींची शाळा, औरंगाबाद’ एवढ्यावर पत्र पोचेल अशी आशा आहे. अक्षर ओळखून फाडायला घेतलंत तर खालचं गणित तेवढं आधी पाहा. गणितानं तुमचं काही वाईट केलेलं नाही.

गावात पटकी आली आहे. खालच्या आळीत चार माणसं गेली, आमच्या वाड्यात दोन. डाकवाला गावात शिरत नाही. ओढ्याकाठच्या खडकावर पत्र ठेवायचं, तो कडुलिंबाचा धूर देऊन उचलतो. म्हणून कागदाला वास येईल.

काल तहसिलीतून दवेची एक शिशी आली. सुंदरराव पाटलांनी मला चावडीवर बोलावलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

“अगं ए सिदूची, तुला आकडे कळतेत म्हनं. हे धर. मोठ्या मानसाला तीस थेंब, एवढंच लिवलंय उर्दूत. आत अफू हाय, जपून.”

“आन् पोरांला किती?”

“पोरांचं कायबी न्हाई लिवलं. निम्मं दे की.”

“दोन वर्साच्यालाबी निम्मं आन् बारा वर्साच्यालाबी निम्मं?”

“मंग तुझं तू बघ. लई शानी हायस.”

बाई, तुमची वही माझ्याकडे आहे. तुमचं सामान गाडीत फेकलं त्या दिवशी ती चाकाखाली पडली होती, मी पदराखाली घेतली. पुढे तुम्ही निरोप धाडला होता, वही कुणाला सापडली का म्हणून. तेव्हा मी नाही म्हणाले. ते खोटं होतं. आज सांगते, कारण त्याच वहीत शेवटून तिसऱ्या पानावर तुमच्या भावानं सांगितलेला नियम आहे, ते दवाखान्यात नोकरीला होते तेव्हाचा. मोठ्या माणसाची मात्रा गुणिले व, भागिले कंसात व अधिक बारा. खाली तुमच्या हातचं: ‘व म्हणजे मुलाचं वय.’

आमच्या वाड्यातल्या हरिबाच्या मुलीला काल दुपारपासून जुलाब आहेत. हरिबा म्हणतो, पाचवं लागलं. म्हणजे चार पुरी. चार धरले तर,

३० × ४ ÷ (४ + १२) = १२० ÷ १६ = साडेसात.

पाच धरले तर दीडशे भागिले सतरा, म्हणजे नऊला जरा कमी. एका थेंबाचा फरक पडतो. ‘व’ म्हणजे पुरी झालेली वर्षं की चालू वर्ष, हे वहीत नाही. आमच्याकडे सगळे चालू वर्ष सांगतात. तुमच्याकडे काय सांगतात? अर्धा थेंब कसा टाकायचा? आणि कंस आधीच सोडवायचा ना? कंस विसरून केलं तर बेचाळीस येतात, चार वर्षांच्या पोरीला मोठ्या माणसापेक्षा बारा जास्त. मी ते तीनदा करून पाहिलं, तिन्हीदा अंगावर काटा आला.

शिशी माझ्या फडताळात आहे. अजून बूच काढलेलं नाही. मला रागावून लिहा, शिव्या लिहा, पण एवढं कळवा.

अंजना सिदू


ज्येष्ठ शुद्ध १२

बाई,

तुमचं उत्तर इतक्यात येणार नाही हे मला कळतं. जायला चार दिवस, यायला चार. पटकीला एवढी फुरसत नाही.

शुद्ध दशमीला हरिबा पोरीला घेऊन दारात बसला. म्हणाला, “अंजनाबाई, तू देनार हायस का न्हाईस तेवढं सांग, मंजी मी मरीमायकडं तरी जातो.” मला कुणी अंजनाबाई म्हणत नाही. मला नांदवत नाहीत म्हणून तर त्याच्या घरचे माझ्या हातचं पाणीसुद्धा टाळतात. मी चार धरले. साडेसातचे सात केले. मोराच्या पिसाची नळी करून वाटीत थेंब मोजले, सहावा पडला तेव्हा आकड्याची खात्री वाटेना, म्हणून वाटीतले ओतून दिले आणि पुन्हा सुरुवातीपासून मोजले. पोरगी वाचली, बाई. आज तिनं ताक प्यायलं. त्यानंतर एका बारा वर्षांच्या मुलाला पंधरा दिले. तोही उठून बसला.

तरी मला झोप लागत नाही. तुम्ही म्हणाल, दोघं वाचली ना. पण मला वाटतं माझ्या हातून अजून चूक झाली नाही एवढंच, आणि ती कुठे बसली आहे ते मला दिसत नाही.

तुमच्या ओसरीवरचा पहिला दिवस आठवतो का? मी शेळीचं दूध घालायला यायचे आणि तुम्ही मला पाटी द्यायचात. त्या दिवशी तुम्ही लिहिलंत, ३अ + २. म्हणालात, “अ म्हणजे पाच समज. आता किती?” मी ‘अ’ पुसून तिथं पाच लिहिला, तीनाशेजारी पाच, पस्तीस, आणि दोन. सदतीस. तुम्ही इतक्या हसलात की कपाळावरचा घाम पुसताना तुमचं कुंकू पसरलं.

“अगं, तुझ्या आबाचे तीन वाडे. एकेका वाड्यात पाच मेंढरं. किती झाली?”

“पंधरा.”

“मग पस्तीस कुठून आणलीस? वीस मेंढरं कुणाची चोरलीस?”

मला रडू आलं होतं. मला अंक चुकल्याचं वाईट वाटलं नव्हतं. ‘अ’ म्हणजे खरोखर किती हे तुम्ही सांगत नव्हतात, त्याचं वाईट वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच ‘अ’ला आठ म्हणालात. काल पाच होता ना, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, “अक्षर म्हणजे रिकामी जागा, अंजना. अंक आपण ठेवतो. मात्र एकदा ठेवला की त्या गणितात सगळीकडे तोच ठेवायचा. वर एक आणि खाली एक असं करायचं नाही.”

ते मी कधी विसरले नाही. नको तिथंही विसरले नाही. त्याबद्दल आज लिहिण्याचं धैर्य नाही.

‘व’ची शंका अजून आहेच. पुरी की चालू?

अंजना


ज्येष्ठ शुद्ध १५, दिवस कलताना

बाई,

हे पत्र मी लिहिते आहे ते हात रिकामे राहू नयेत म्हणून. खडकावर कधी ठेवेन माहीत नाही.

म्हाळूचा कळप परवा गोदाकाठून, गंगथडीहून परत आला. ते लोक दिवाळीनंतर मेंढरं घेऊन जातात, ते पावसाच्या तोंडाला येतात, त्यामुळे त्यांची पोरं मला नीट माहीत नाहीत. आज उजाडता म्हाळूची बायको साखराबाई एका पोरीला घोंगडीत गुंडाळून घेऊन आली. ठकू तिचं नाव. नुसता चेहरा बाहेर होता. पटकीत पोरांची तोंडं म्हातारी होतात, बाई. डोळे आत जातात, गाल बसतात, वय ओळखू येत नाही.

म्हणून मी विचारलं. तुम्ही साक्षीला नव्हतात, तरी सगळं जसंच्या तसं लिहिते.

“किती वर्साची?”

“सा.”

“सा पुरी, का सावं लागलंय?”

“पुरी. सातवं चालू हाय.”

“नक्की?”

“अगं, आईला इचारतीस नक्की म्हून? माझ्या पोटची हाय का तुझ्या?”

मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती रडायला लागली, म्हणाली, “दे गं बाई, इचारत नगं बसू.” मग मी पाटीवर मांडलं. ‘व’च्या जागी सहा, वरही सहा, खालीही सहा.

३० × ६ ÷ (६ + १२) = १८० ÷ १८ = १०.

पूर्ण दहा. अर्धा नाही, पाव नाही. बरं वाटलं. इतकं नीट उत्तर आलं की चूक नसणारच, असं वाटलं. ओठ किंचित फाकवून दहा थेंब सोडले.

थोड्या वेळानं उलट्या थांबल्या. साखराबाईनं माझ्या पायांना हात लावला, मी पाय ओढून घेतले. मग ठकू झोपली. मला आनंद झाला. तो आनंद लिहायला लाज वाटते.

दुपार झाली तरी ती उठली नाही. चिमटा काढला तर कपाळाला आठी येते, डोळे उघडत नाही. पापणी वर करून पाहिली, आतली बाहुली मोहरीएवढी झाली आहे. श्वास येतो, मग बराच वेळ येत नाही, मग येतो. मी तो मोजते आहे. आबा तिला घोंगडीसकट उभी धरून ओसरीवर चालवताहेत, पाय फरफटतात. साखराबाई वडाला जाऊन आली, आज वटपौर्णिमा, नवऱ्यासाठी जायचं ते तिनं पोरीसाठी सूत गुंडाळलं म्हणते.

गणित मी पाच वेळा तपासलं. उलट्या बाजूनंही केलं. दहाच येतात. बाई, दहाच येतात.


ज्येष्ठ वद्य १

बाई,

ठकू आज सकाळी गेली.

कालचं पत्र आणि हे एकत्रच ठेवते.

लहान पोरांना आमच्यात पुरतात. खड्डा आबांनी खणला, कारण म्हाळू उठून उभाच राहत नव्हता. ठेवायच्या आधी तोंडात तुळशीपाणी घालायला आबांनी तिची हनुवटी खाली केली आणि तसेच थांबले. बोट आत घालून मागची बाजू चाचपली. मग मला वाड्यामागे बाजूला नेलं.

“ही सा वर्साची न्हाई.”

“साखराबाई म्हनली.”

“म्हनू दे. दुधाचे बारीक दात हायत सगळे, एकबी हाललेला न्हाई, मागली दाढ उगवायचं नावबी न्हाई. ही तिनाच्या वर न्हाई, अंजने.” आणि मग जे म्हणाले ते मला आयुष्यभर ऐकू येत राहील. “मेंढरू घेताना इकनाऱ्याला वय इचारतीस का तू? त्वांड उघडून बघतीस. दोन दाती हाय का चार दाती हाय. मंग पोरीचं कावून न्हाई बघितलंस?”

कावून नाही पाहिलं? कारण मेंढरू ही अडाण्यांची गोष्ट आणि ‘व’ ही वहीतली गोष्ट, असं मी समजत होते. माझ्या घराण्यात अक्षर मी पहिली शिकले. दात बघायला तर मी पाचव्या वर्षी शिकले होते.

साखराबाई खोटं बोलली नव्हती, बाई. ते मला तिच्या थोरल्या मुलीनं, छबूनं सांगितलं. ती माझ्याशेजारी येऊन बसली, गुडघ्यावरची खपली काढत होती.

“पैल्या ठकूलाबी असंच पुरलं हुतं. गंगथडीला.”

“कोन पैली ठकू?”

“आमची ठकू. ती मेली तवा बापानं तिच्या कानामागं तव्याची काजळी लावली. मंग ही झाली तर हिच्या कानामागं तीळ. आई म्हनली, तीच हाय, परत आली. म्हून ठकूच नाव.”

“मंग वर्सं?”

“तीच हाय तर वर्सं तिचीच की,” छबू म्हणाली, जणू मीच अडाणी.

आईनं वर्षं पहिल्या जन्मापासून धरली होती. तिच्या लेखी मधे कुणी मेलंच नव्हतं. मी तीनदा विचारलं आणि तिनं तीनदा खरं सांगितलं.

‘व’च्या जागी तीन ठेवले असते तर नव्वद भागिले पंधरा, सहा. मी हरिबाच्या पोरीसाठी अर्ध्या थेंबावर रात्र जागले आणि ठकूला चार थेंब जास्त दिले.

आता काय करू ते सांगा. परवा चावडीवर पाटील मला विचारणार आहेत. वाड्यात अजून तिघं आजारी आहेत. मी खरं सांगितलं, की दवा चांगली, नियम चांगला, वय चुकीचं सांगितलं गेलं, तर लोक दवा घेतील. पण मग साखराबाईला कळेल की तिच्या तोंडच्या एका शब्दानं पोर गेली. ती विहिरीत जाईल, मी तिला ओळखते. आणि मी म्हणाले की माझं गणित चुकलं, तर ती वाचेल, पण शिशीला कुणी हात लावणार नाही आणि ती तिघं मरीमायच्या भरवशावर राहतील.

तुम्ही विचाराल, मला का विचारतेस. चावडीवर खरं कसं बोलायचं ते तुला येतं की.

हो. तेच लिहायचं राहिलं आहे. तीन वर्षांपूर्वी पाटलांनी शपथेसाठी माझ्या मुठीत बिरोबाचा भंडारा दिला आणि विचारलं, “मास्तरीनबाईचा नवरा हैदराबादेत नोकरीला हाय म्हंती, खरं का?” मी तुमच्या घरी त्यांच्या मृत्यूचं पत्र वाचलं होतं. नवरा सहा वर्षांपूर्वी वारला हे मला माहीत होतं, आणि कुंकू तुम्ही या गावात राहता यावं म्हणून लावता हेही कळण्याइतकी मी मोठी होते. तरी मी सांगितलं. भंडाऱ्याला भिऊन सांगितलं असं आजवर मी सगळ्यांना म्हणत आले. तसं नव्हतं. मला वाटलं, बाईंनीच शिकवलं, एकदा ठेवला तो अंक सगळीकडे ठेवायचा. आणि बाईंनी गावात एक ठेवलंय, घरात एक. मला ते उदाहरण चुकीचं दिसलं, म्हणून मी ते दुरुस्त केलं. बायकांनी तुमचं कपाळ पुसलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत.

सासरी मला नांदवत नाहीत त्याचं मला कधी दुःख वाटलं नाही. त्या पाहण्याचं वाटतं.

अंजना


ज्येष्ठ वद्य ३

बाई,

तुमचं उत्तर आज सकाळी खडकावर होतं. माझ्या पहिल्या पत्राचाच कागद, त्याच्या कडेला तांबड्या शाईनं:

‘वय पुरी झालेली वर्षे धरावीत. अर्धा थेंब सोडून द्यावा. कंस आधी. मांडणी बरोबर आहे.’

आशीर्वाद नाही, सही नाही. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मांडणी बरोबर आहे. ठकूचीही मांडणी बरोबर होती.

कागद कमरेला खोचून मी चावडीवर गेले. सगळा वाडा जमला होता. साखराबाई खांबाला टेकून, गुडघ्यात डोकं घालून बसली होती. छबू घरी निजली होती, तिलाही सकाळपासून जुलाब होत होते.

पाटलांनी भंडारा माझ्या मुठीत दिला. म्हणाले, “मागं तू खरं बोललीस तवा गावातून एक बाई गेली. बघू या टायमाला कोन जातंय.” दोघंतिघं हसले. मग एक म्हातारी ओरडली, “हिच्या हातची दवा नगं आमाला!” त्यावर हरिबा उठला, “माझी पोरगी काय तुझ्या अंगाऱ्यानं उठली व्हय गं म्हातारे?” पाटलांनी दोघांना गप्प केलं.

“बोल. किती थेंब घातलेस?”

“धा.”

“घालाया किती पायजे हुतं?”

“सा.”

मला साखराबाईचा श्वास ऐकू येत होता.

“मंग चुकलं कुनाचं?”

“माझं,” मी म्हणाले. “पोरीचं त्वांड उघडून बघायला पायजे हुतं. आपून मेंढराचं बघतो तसं. मी बघितलं न्हाई. दवा चुकीची न्हाई, हिशोबाची रीतबी चुकीची न्हाई. आता हितनं पुढं मी एकेकाचे दात बघीन, मंगच थेंब मोजीन.”

मला वाटलं सुटले. प्रत्येक शब्द खरा होता आणि कुणाच्या अंगावर पडला नव्हता. पण सुंदरराव पाटील काही साधे नाहीत.

“दात बघितले न्हाईत, ऐकलं. पन वय इचारलंस का न्हाई?”

“इचारलं.”

“मंग आईनं किती सांगितलं?”

बाई, तुम्ही तिथं असतात तर काय केलं असतंत? माझ्या मुठीत भंडारा होता. घामानं तो ओला झाला होता. खोटं बोलायचं तर जीभ वळत नव्हती. आणि खरं एका आकड्याचं होतं. तो उच्चारला की साखराबाईच्या उरलेल्या सगळ्या दिवसांत सगळीकडे तोच ठेवायचा होता.

मी मूठ उघडली. भंडारा खाली सांडला.

बायका किंचाळल्या. आबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. देवाचा भंडारा पायाशी पडलेला मी माझ्या जन्मात पाहिलेला नाही.

“ते मी सांगनार न्हाई,” मी म्हणाले. “मारा, हाकलून द्या. सांगनार न्हाई.”

मारलं नाही. पाटील एवढंच म्हणाले, “उद्या उजाडता शिशी चावडीवर आनून ठिव.” माणसं वाट सोडून लांबून गेली. हरिबासुद्धा माझ्याकडे न बघता गेला.

मी घरी येऊन फडताळासमोर बसले. शिशीत अजून निम्म्याहून जास्त दवा आहे. वाड्यात आता चौघं आजारी, आणि मी काय केलं? आई वाचवली आणि चार पोरं घालवली, की देवही घालवला आणि आईही वाचणार नाही? याचं उत्तर कुठल्या पानावर आहे?

तेवढ्यात दारात सावली पडली. साखराबाई. खांद्यावर छबू, मान लोंबत होती. ती आत आली, माझ्यासमोर मांडी घालून बसली, छबूला मांडीवर आडवी घेतली, आणि स्वतःच्या दोन बोटांनी तिचं तोंड उघडलं. कोकराला उजेडाकडे धरून दाखवतात तसं.

“बघ,” म्हणाली.

“मावशी, मी...”

“नीट बघ. आन् हिची वर्सं मला इचारू नगं.”

तिच्या डोळ्यांत मी पाहिलं. तिला कुणीच काही सांगितलं नव्हतं. चावडीवर मी गप्प राहिले त्यातून तिला सगळं कळलं होतं.

मी पाहिलं. वरचे पुढचे चार नवे, त्यांची कड करवतीसारखी, अजून झिजलेली नाही. खालचेही चार नवे. सुळे दुधाचे. मागची दाढ पूर्ण. आबांना हाक मारली, त्यांनी बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, “आठ. न्हाईतर आठाला आलेली.” आठ धरले तर बारा थेंब. सात धरले तर अकराला किंचित जास्त. मी सात धरले. अकरा.

साखराबाईनं माझ्याबरोबर मोठ्यानं मोजले. तिला वीसपर्यंत येतं.

छबू झोपली आहे. श्वास मोजते आहे. पापणी वर करून पाहते आहे. समोर साखराबाई बसली आहे, ती छबूकडे पाहत नाही, माझ्याकडे पाहते आहे. तुम्ही पाहिलंत तसं नाही. कसं, ते मला लिहिता येत नाही.


ज्येष्ठ वद्य ४

बाई,

या पत्रासोबत तुमची वही परत पाठवते. नियम मी पाटीवर उतरवून घेतला आहे. वहीत शेवटून तिसऱ्या पानावर, ‘व म्हणजे मुलाचं वय’ याच्या खाली मी न विचारता एक ओळ लिहिली आहे: ‘विचारावे, पण दात पाहावेत.’ खोडायची असेल तर खोडा. माझ्या तीन वर्षांपूर्वीच्या बोलण्यावर खाडाखोड होत नाही, ते मला माहीत आहे. क्षमा मागत नाही. तुम्ही या असंही म्हणत नाही. पाकिटावर नावामागची जागा मी रिकामीच ठेवली आहे आणि यापुढे कुणी विचारलं तरी रिकामीच ठेवीन.

शिशी मी उजाडता चावडीवर नेली नाही. न्यायला निघाले तर दारात दोघीजणी बसल्या होत्या, मांडीवर पोरं. एकीनं नुसतं पोराचं तोंड उघडून दाखवलं.

छबू मात्र तेव्हाही हलत नव्हती. मला वाटलं, सात वर्षं धरली तीही जास्त झाली, हिचंही काहीतरी माझ्याकडून पाहायचं राहिलं. पुन्हा दाढ चाचपावी म्हणून मी तिच्या तोंडात बोट घातलं.

तिनं कडकडून चावलं. डोळे उघडून म्हणाली, “मी काय मेंढी हाय व्हय?” आणि पाणी मागितलं.

बोटावर वळ आहे. वरच्या बाजूला चार, खाली चार. मी मोजले.

अंजना